फळा कुणी पुसला?



‘तू नेमकं काय करतोस रे?’ असं कालपासून सात जणांनी विचारलंय. तर मी इथे बसून प्रोग्रॅम लिहितो आणि तो प्रोग्रॅम दूरच्या सर्व्हरला आज्ञा देतो. वाटेत कुणाला वाचता येऊ नये म्हणून हे बोलणं एसएसएच नावाच्या पद्धतीने, कुलूपबंद चालतं. हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठात पासवर्ड चोरले गेले, म्हणून तातू इलोनेन यांनी १९९५ साली ती तयार केली. कुलूप पक्कं आहे. माझी चूक कुलपाची नव्हतीच.

पहिल्या नोकरीत मला जुन्या नोंदी साफ करायला सांगितल्या होत्या. पायथनची पॅरामिको ही लायब्ररी वापरून मी दोन आज्ञा धाडल्या. एक, जुन्या नोंदींच्या फोल्डरमध्ये जा. दुसरी, इथल्या सगळ्या फाइली पूस. दोन्हींचं उत्तर शून्य आलं. आमच्यात शून्य म्हणजे काम फत्ते. (बाई, तुमच्या गणितात तसं नव्हतं!) मी निवांत झोपलो.

सकाळी पगाराच्या फाइली गायब.

आठवा, बाई एकाला म्हणाल्या, ‘आठवीच्या वर्गात जा.’ तो जाऊन परत आला. मग दुसऱ्याला म्हणाल्या, ‘फळा पूस.’ तो कुठला पुसणार? समोरचाच! असं धाडलं की सर्व्हर प्रत्येक आज्ञेला नवा मुलगा उठवतो. आधीचा कुठे गेला होता, याला पत्ता नसतो. हा उभा राहतो खात्याच्या मूळ फोल्डरमध्ये, आणि आमच्या पगाराच्या फाइली नेमक्या तिथेच. तिथे त्या ठेवायलाच नको होत्या, पण ते असो.

एकाच मुलाला सांगायचं, ‘आठवीत जा, पोचलास तरच पूस.’ दोन आज्ञांच्या मध्ये ‘अँड’चं चिन्ह दोनदा टाकलं की झालं. अर्धविराम टाकलात, तर तो न पोचताही पुसतो.

बॅकअप आठवड्यापूर्वीचा निघाला. हिशेबाच्या काकू आणि मी दोन दिवस हजेरीपटावरून आकडे भरत बसलो. पगार लांबले. आमच्या शिपायाला त्याच आठवड्यात मुलीची फी भरायची होती, हे काकूंनी आकडे भरता भरता सहज सांगितलं. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

हल्ली पुसण्याआधी मी त्याच जागेवरून फाइलींची नुसती यादी मागवतो. आणि ती शेवटपर्यंत वाचतो.