हमीचा कागद

चालती गाडी एकाएकी बंद पडली की माणसाला प्रथम राग येतो, मग लाज वाटते आणि शेवटी खर्चाचा आकडा डोळ्यांपुढे उभा राहतो. माझ्या बाबतीत हे तिन्ही प्रकार जूचंद्रच्या अलीकडे, भर उन्हात, दहा मिनिटांत घडले. मी राहतो नायगावला आणि कॉलेजात शिकवायला जातो मोटारसायकलने. गाडी अवघी आठ महिन्यांची. इंजिनातून खर्र असा आवाज आला, मागचे चाक क्षणभर धरले आणि सारे शांत झाले. किक मारू गेलो तर ती पायाखाली दगड यावा तशी अडली. रस्त्याने जाणारा एक मुलगा थांबला, वाकून पाहिले आणि म्हणाला, "सर, इंजिन जॅम झालंय. टेम्पो बघा."

टेम्पोत गाडी घातली आणि जिथून ती विकत घेतली होती त्या शोरूमवर नेली. मनात म्हटले, काळजी कशाला? गाडी हमीत आहे. हमी आहे म्हणजे सारे फुकट होणार, अशी माझी भाबडी समजूत होती. आज आपल्याशी बोलायचे आहे ते या समजुतीबद्दल, आणि त्या दिवशी माझ्या हातून राहून गेलेल्या एका गोष्टीबद्दल.

शोरूमच्या बाकावर माझ्या शेजारी एक वाडीवाले काका बसले होते. वसईच्या वाडीतली भाजी पहाटे बाजारात पोहोचवणे हा त्यांचा धंदा. त्यांचीही गाडी जॅम झालेली, तीही हमीतली. टेबलामागच्या मुलाने त्यांच्यापुढे एक कागद सरकवला. त्याला जॉबकार्ड म्हणतात. मजकूर इंग्रजीत. काकांनी तो माझ्यापुढे धरला आणि विचारले, "सर, काय लिवलंय यात?" मी माझ्याच काळजीत होतो. नुसती नजर टाकली आणि म्हणालो, "काही नाही, सही करायची आहे. करा." त्यांनी केली.

मग माझी पाळी आली. माझ्यापुढेही तसाच कागद आला. मास्तरकीची सवय म्हणा, माझा कागद मात्र मी वाचला. त्यात लिहिले होते की, ऑइल नसल्यामुळे इंजिन जॅम झाले आणि हे ग्राहकाच्या दुर्लक्षामुळे झाले. मी चमकलो. इंजिन अजून कोणी उघडलेही नव्हते! रोग्याची नाडी न पाहता मृत्यूचे कारण लिहून मोकळे व्हावे, तसला हा प्रकार.

आता इथे जरा थांबून इंजिनाच्या पोटात काय चालते ते पाहू, म्हणजे या एका वाक्याची किंमत कळेल. मोटारसायकलच्या इंजिनात एक सिलिंडर असतो आणि त्यात पिस्टन खालीवर धावत असतो. इंजिनाचे मिनिटाला तीन हजार फेरे होत असतील, तर पिस्टन सेकंदाला पन्नास वेळा वर जाऊन खाली येतो. वर पेट्रोलचा भडका उडत असतो. अशा धगीत धातूवर धातू घासू नये म्हणून दोघांच्या मध्ये ऑइलचा एक पातळ पडदा असतो. तोच वंगण देतो, उष्णता वाहून नेतो आणि मळही धुऊन काढतो. हा पडदा तुटला की पिस्टन तापतो, फुगतो आणि सिलिंडरला घट्ट धरून बसतो. यालाच आपण इंजिन जॅम झाले म्हणतो.

पण पडदा तुटण्याची कारणे अनेक. ऑइल खरोखरच संपले असेल, तर दोष बहुधा आपला. ऑइल वेळेवर न बदलल्याने त्याचा काळा गाळ झाला असेल, तरी दोष आपलाच. परंतु ऑइल पुरेसे असूनही ते वर चढवणारा पंप कारखान्यातूनच सदोष आला असेल, तर दोष बनवणाऱ्याचा. बाहेरून तिन्ही इंजिने सारखीच मेलेली दिसतात. खरे कारण उघडल्यावरच कळते. म्हणून उघडण्यापूर्वी जो कारण लिहितो, तो निदान करीत नसून निकाल देत असतो.

मी त्या मुलाला म्हणालो, "बाळ, यात माझी तक्रार एवढीच लिही : चालताना आवाज येऊन गाडी बंद पडली, किक उतरत नाही. कारण नंतर लिहू." तो म्हणाला, "सर, नेहमी असंच लिहितात." मी म्हटले, "मग आज वेगळं लिही. आणि माझ्यासमोर ऑइल तपास." त्याने कुरकुर केली, पण तपासले. ऑइल मोजायच्या पट्टीवर दोन खुणा असतात. आमचे ऑइल खालच्या खुणेच्या थोडे वर होते. तसे कार्डावर लिहून घेतले, किलोमीटरचा आकडा लिहून घेतला, तारीख घातली आणि मग सही केली. कार्डाची प्रत खिशात ठेवली.

एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. माझे तिसरे सर्व्हिसिंग एकोणीस दिवस उशिरा झाले होते. परीक्षेचे पेपर तपासायचे होते, राहून गेले. शोरूमने ते बरोबर काढले. मी नाकबूल केले नाही. मी एवढेच विचारले की, त्या उशिरामुळे हा बिघाड झाला असे आपण दाखवू शकता का? इंजिन माझ्यासमोर उघडले गेले. पंपाचा दातेरी गिअर झिजून घसरत होता. मिस्त्री जुना माणूस होता. त्याने तो गिअर हातात धरून साहेबांना सरळ सांगितले, "हे ऑइलचं काम नाही." फोटो गेले, कंपनीचा माणूस येऊन पाहून गेला आणि तेवीस दिवसांनी हमी मंजूर झाली. पंप, पिस्टन, सिलिंडर नवे बसले. नव्या ऑइलचे पैसे मी भरले, कारण ऑइलसारख्या वापरून संपणाऱ्या वस्तू हमीत नसतात, असे पुस्तिकेत छापलेलेच होते.

इथे विक्रेत्याची बाजूही सांगायला हवी. हमी देते कंपनी, काम करतो विक्रेता. कंपनीने दावा नामंजूर केला तर खर्च त्याच्या अंगावर येतो. म्हणून तो आधी स्वतःला सांभाळतो. त्यात दुष्टपणा असतोच असे नाही. पण त्याच्या या सांभाळण्याचा भार ज्याला वाचता येत नाही त्याच्यावर पडतो, हे मात्र खरे.

गाडी घेऊन येताना मला त्या काकांची आठवण झाली. चौकशी केली. त्यांनी उसने काढून साडेअकरा हजार भरले होते. मी त्यांना बरोबर घेऊन पुन्हा शोरूमवर गेलो. तिथे त्यांच्या सहीचा कागद दाखवण्यात आला. जुने भाग मागितले, तर ते भंगारात गेलेले. श्रोतेहो, त्यांच्या इंजिनात कारखान्याचा दोष होता की त्यांनी खरोखरच ऑइल घातले नव्हते, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. पुरावाच उरला नाही. काका मला एका शब्दाने बोलले नाहीत. म्हणाले, "जाऊ द्या सर. ते बोलले सही करा, मी केली." पण 'ते' म्हणजे शोरूमवाले की मी, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

आपल्याकडे ग्राहकाला वाली नाही, असे मात्र नाही. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली. पुढे १९८६ साली देशाचा ग्राहक संरक्षण कायदा झाला आणि त्याच्या जागी आलेला २०१९ चा नवा कायदा जुलै २०२० पासून लागू आहे. त्यातल्या चार गोष्टी गाठीला बांधून ठेवा.

पहिली गोष्ट, गाडी दुसऱ्या गावाहून घेतली असली तरी तक्रार आपण राहतो त्या भागाच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही आणि वकील लावलाच पाहिजे असेही नाही. दुसरी, तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा. तिसरी, स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः गाडी चालवणारा भाजीवाला, दूधवाला, मासळीवाला हाही कायद्याने ग्राहकच आहे. "तुम्ही धंद्यासाठी वापरता, तुम्हाला कायदा लागू नाही," असे कोणी म्हणाले तर ऐकू नका. चौथी, दोष तपासणीशिवाय ठरत नसेल, तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. आयोगाकडे जाण्यापूर्वी १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करून सल्ला घ्यावा.

मात्र अपेक्षाही माफक असावी. २००६ साली एका मोटारीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, हमीत सदोष भाग दुरुस्त करून किंवा बदलून देण्याचे वचन असेल, तर तेवढ्यावरून सबंध नवी गाडी मागता येत नाही. हमी जेवढे म्हणते तेवढेच देते. म्हणूनच ती आधी वाचायची.

आणि आपली बाजूही आपण सांभाळली पाहिजे. सर्व्हिसिंग ठरल्या दिवसांत किंवा किलोमीटरमध्ये, जे आधी येईल तेव्हा करावे. पावती जपावी. ऑइलची पट्टी पंधरवड्याला पाहावी. आमच्या वसई भागाला पुराचे दुखणे आहे. जुलै २०१८ च्या पावसात लोकलगाड्या बंद पडल्या आणि मिठागरांत माणसे अडकली, हे आम्ही विसरलेलो नाही. अशा पाण्यात बुडालेली गाडी घाईने सुरू करू नये. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवले तर आतला दांडा वाकतो. ते नुकसान हमीत बसत नाही आणि साध्या विम्यातही पुष्कळदा नाकारले जाते. गाडी ढकलत न्यावी आणि मिस्त्रीकडून पाणी काढून, ऑइल बदलून घ्यावे.

शेवटी, माझ्या शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. आपण वर्गात कविता शिकवतो, निबंध लिहून घेतो. वर्षातून एक तास हमीच्या पुस्तिकेसाठी द्या. एखाद्या मुलाला घरच्या गाडीची, पंपाची नाहीतर मिक्सरची पुस्तिका आणायला सांगा. ती मुलांकडून वाचून घ्या, तिचा अर्थ मराठीत लिहून घ्या. सही म्हणजे काय, ती केव्हा करावी, केव्हा थांबावी, हे त्यांना कळू द्या. घरी जाऊन ते आपल्या वडिलांना सांगतील.

आणि बाकावर शेजारी बसलेल्या माणसाने कागद पुढे धरून "काय लिवलंय?" असे विचारले, तर आपला नंबर गेला तरी चालेल, पण तो कागद वाचून दाखवा. मला तेवढे जमले नाही. आपल्याला जमो.