चाक नुसतंच का फिरतं?

बैलगाडीचं चाक चिखलात रुततं, पण जागच्या जागी भिरभिरत नाही. त्या चाकात स्वतःचा जोर नसतोच, जोर असतो बैलाच्या खुरांत. घसरलाच तर बैल घसरेल. मोटारीत मात्र ओढणारा बैल आणि भार वाहणारं चाक एकच. म्हणून पहिल्या पावसात बांधावर चढताना गाडी तसूभर हलत नाही, आणि चाक मात्र गरगर फिरून मागे ढकलणाऱ्याला चिखलाने माखून टाकतं.

पण बहुतेक वेळा दोनपैकी एकच चाक का फिरतं? वळण घेताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, आतल्याला कमी. त्या सोयीसाठी दोघांमध्ये डिफरन्शियल बसवलेलं असतं. ते मोठं समतावादी आहे, दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं. एक चाक शेवाळावर असेल, तर त्याला जेवढा जोर पेलेल तेवढाच कोरड्या खडीवरच्या चाकालाही मिळतो. समता खरी, पण दुबळ्याच्या मापाची. कवीला हे उदाहरण पुढे न्यायचा फार मोह होतो, तो मी आवरतो.

हल्ली छोट्या एसयूव्हीच्या पाठीवर ‘ऑल व्हील ड्राइव्ह’ची चकचकीत अक्षरं असतात आणि त्यासाठी आपण बरेच पैसे जास्त मोजतो. पण ही अक्षरं एकाच यंत्रणेची नव्हेत. यातल्या बहुतेक गाड्या एरवी पुढच्या चाकांवरच चालतात. मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्यावर एक क्लच असतो. आमच्या मोहल्ल्यातले गॅरेजवाले उस्ताद तो बशांच्या चळतीने समजावतात. चकत्या सैल असल्या की एकमेकींवरून सरकतात, दाबल्या की एकजीव होऊन फिरतात. सगळा प्रश्न हा, की दाबायचं कधी आणि दाबणार कोण?

1995 मध्ये आलेल्या होंडाच्या पहिल्या सीआर-व्हीत हे काम तेलाचे दोन पंप करत. एक पुढच्या चाकांच्या गतीने फिरे, दुसरा मागच्या. दोघांची गती सारखी असली की तेल नुसतं एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राही. पुढची चाकं घसरून जोरात फिरू लागली की तेलाचा दाब वाढे आणि क्लच आवळला जाई. युक्ती सुरेख, पण तिला आधी घसरणं हवंच. चढावर तेवढ्यात चाक खड्डा उकरून बसतं. पुढे होंडाने या यंत्रणेला इलेक्ट्रॉनिक नियंत्रण जोडलं.

2014 मध्ये भारतात आलेल्या चारचाकी ओढीच्या डस्टरमध्ये क्लच विजेच्या चुंबकाने आवळला जाई आणि ‘लॉक’चं बटण चालकाच्या हातात होतं. चिखल समोर दिसताच ते लावायचं, घसरायची वाट पाहायची नाही. 2022 मधल्या मारुती ग्रँड व्हिटाराच्या ऑलग्रिपमध्येही लॉक आहे. शिवाय ऑटोवर असताना संगणक अ‍ॅक्सिलरेटर आणि स्टिअरिंगवरून अंदाज बांधून आधीच मागे जोर धाडतो. सुबारूची रीत वेगळी. तिच्या ऑटोमॅटिक फॉरेस्टरमध्ये साधारण 60 टक्के जोर पुढे आणि 40 टक्के मागे, असा कायमच वाटलेला असतो. घसरण सुरू होते तेव्हा मागची चाकं आधीच कामाला लागलेली असतात. माझं मत विचाराल तर घाटातल्या ओल्या रस्त्यावर हीच रीत सर्वांत सुखाची. ही गाडी या शतकाच्या सुरुवातीला शेव्हरले नावाने आपल्याकडेही दिसत असे.

इथे एक गोष्ट जाहिरातीत नीट सांगत नाहीत. हा क्लच वाटणी करतो ती पुढच्या आणि मागच्या आसात. डाव्या-उजव्यातला तो दुबळ्याच्या मापाचा न्याय तसाच राहतो. पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक एकाच वेळी अधांतरी झालं, की चार चाकांची गाडीही नुसती गुरगुरते. तिथे मदतीला येतो ब्रेक. भिरभिरणाऱ्या चाकाला संगणक स्वतःच ब्रेक लावतो. त्या चाकाला अडथळा झाला की डिफरन्शियल जोडीदारालाही तेवढाच जोर देतं आणि गाडी सरकते. म्हणजे एसयूव्ही निवडताना क्लचइतकीच ही ब्रेकची करामत किती चटकन आणि दमदार चालते, ते पाहायला हवं.

आणि थांबताना? थांबायला प्रत्येक मोटारीला चार चाकांचे ब्रेक असतातच. ओल्या उतारावर ही अक्षरं गाडीला एक इंचही अलीकडे थांबवत नाहीत. तिथे टायरची नक्षी बोलते. ती झिजून 1.6 मिलिमीटरच्या खुणेला टेकली असेल, तर आधी टायर बदला.

कोकणच्या किनाऱ्यावर हौसेने वाळूत गाडी घालणारे दर सुट्टीत दिसतात. भुसभुशीत वाळूत क्लचच्या चकत्या सतत घासून तापतात, मग यंत्रणा स्वतःला वाचवायला मागची चाकं सोडून देते. समोर दिवा लागतो, भरती चढत असते. अशा वेळी अ‍ॅक्सिलरेटर दाबू नका, चाक आणखी रुतेल. भरतीला अवकाश असेल तर यंत्रणा थंड होऊ द्या, टायरमधली थोडी हवा सोडा, चाकांपुढची वाळू हाताने उकरा आणि हलक्या पायाने निघा. पाणी जवळ आलं असेल तर हे सगळं सोडून माणसं आधी उतरवा आणि ट्रॅक्टरवाल्याला हाक मारा. रस्त्याला लागल्यावर हवा पुन्हा भरायची.