संगणकाची निद्रा

रात्रीचे अकरा वाजलेले असतात. मुलगा प्रबंधाचें दहावें पान अर्धवट टाकून संगणकाला ‘स्लीप’ची आज्ञा देतो व निजावयास जातो. मागाहून वडील घरांत शेवटची फेरी घालतात. गॅस पाहतात, नळ पाहतात आणि टेबलाखालीं एक बारीक दिवा लुकलुकतांना दिसतांच भिंतीवरचें बटण बंद करतात. सकाळीं दहावें पान नाहींसें झालेलें असतें. चहाच्या वेळीं जो वाद होतो त्यांत दोघांचेंही म्हणणें खरें असतें. दोघांनींही वीजच वाचविलेली असते.

हा घोटाळा समजण्यास संगणकाच्या स्मृतीचा स्वभाव जाणला पाहिजे. जतन न केलेला मजकूर रॅम नांवाच्या तात्पुरत्या स्मृतींत असतो. तेथें प्रत्येक अक्षर अत्यंत सूक्ष्म अशा विद्युत्संचयकांत सांठविलेलें असतें आणि हे संचयक गळक्या घागरींसारखे असतात. सुमारें ६४ मिलिसेकंदांच्या आंत, म्हणजे सेकंदाच्या पंधराव्या-सोळाव्या हिश्शांत, प्रत्येक घागर पुन्हां भरावी लागते. स्लीपमध्यें प्रोसेसर, डिस्क व पंखे यांची वीज तोडली जाते. या पाणक्याची नोकरी मात्र रात्रभर चालूं राहते. त्यासाठीं सर्व मिळून दोनतीन वॅट पुरतात. बटण बंद होतांच पाणक्या काम सोडतो. लॅपटॉपला अशा वेळीं बॅटरीचा आधार असतो. टेबलावरच्या यंत्राजवळ घड्याळापुरती इवलीशी बॅटरी असते, तिचा येथें उपयोग नाहीं.

वडिलांची बाजूही लंगडी नव्हे. यंत्र जागेंच राहून ५० वॅट घेत बसलें, असें धरल्यास चौदा तासांत ०.७ युनिट, आणि ३०० रात्रींत २१० युनिट खर्चीं पडतात. झोपलेल्या यंत्राला ३ वॅट धरले तर तितक्याच रात्रींत १३ युनिटही लागत नाहींत. पडद्यावर मासे पोहूं लागले म्हणजे यंत्र झोपलें, ही समजूत मात्र चुकीची. जुन्या काचनळीच्या पडद्यांवर एकाच चित्राचा डाग पडूं नये म्हणून ती योजना होती.

इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा यांनीं १९९६ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रमाणसंहितेंत या अवस्थांना क्रमांक आहेत. रॅमपुरती वीज चालूं ठेवणारी झोप ही तिसरी; चौथी ‘हायबरनेट’. हींत रॅममधील मजकूर आधीं डिस्कवर उतरविला जातो व मग यंत्र बंद होतें. उठण्यास अंमळ अधिक वेळ लागतो, डिस्कवरील जागाही अडते. पण मजकूर विजेवर अवलंबून राहत नाहीं. २००७ सालीं घरोघर विक्रीस आलेल्या विंडोज व्हिस्टानें दोहोंचा मिलाफ केला: मजकूर डिस्कवर उतरवावयाचा आणि रॅमही जागी ठेवावयाची. वीज टिकली तर यंत्र क्षणांत उठतें, गेली तर डिस्कवरून मजकूर परत येतो. वीज अवचित जाणाऱ्या गांवीं ही सोय फार मोलाची.

विंडोजच्या अलीकडील आवृत्त्यांत हायबरनेटचें नांव बंद करण्याच्या यादींत बहुधा दिसत नाहीं. पॉवर ऑप्शन्समध्यें जाऊन तें एकदां आणून ठेवावें लागतें. मग भिंतीवरचें बटण खुशाल बंद करावें. मात्र यंत्रावरचे सर्व दिवे विझून पंखा थांबेपर्यंत थांबावें, कारण मजकूर उतरत असतांनाच बटण दाबलें तर दहावें पान पुन्हां जावयाचें.