काठावरच्या प्रत्येक गावात एक सेट



विषय छापलाय ‘सिटिझन्स बँड रेडिओची ओळख’. ती लवकर उरकतो, कारण मी मागणी घेऊन आलोय. वैनगंगेच्या काठच्या प्रत्येक गावात या रेडिओचा एक सेट असावा आणि दर रविवारी संध्याकाळी त्यावर गावांची हजेरी व्हावी.

मेगाहर्ट्झ म्हणजे रेडिओलहरींच्या फ्रिक्वेन्सीचं माप. २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ हा पट्टा आपल्याकडे जनतेला मोकळा आहे. ताकद पाच वॉटपर्यंत आणि अँटेना सेटचीच असेल, तर परवाना लागत नाही. हौशी मंडळींच्या हॅम रेडिओला परीक्षा द्यावी लागते, याला नाही. मात्र ऑनलाइन दिसेल तो वॉकीटॉकी मागवू नका. दुसऱ्याच फ्रिक्वेन्सीचा निघाला तर कायद्याच्या कचाट्यात सापडाल.

काय म्हणालात? मोबाइल असताना हे कशाला? (हशा) हसा भाऊ, पण ऐका. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस संजय सरोवर धरणाचं पाणी सुटलं आणि वैनगंगा भंडारा शहरात शिरली, ते तुम्ही भोगलंय. वीज गेल्यावर टॉवर बॅटरीवर किती तास तग धरणार? शिवाय एका फोनवर एकाशीच बोलणं होतं. सेटवर एकदा बोललं की त्या चॅनेलवरचे सगळे ऐकतात. अमेरिकेतले ट्रकवाले १९७३ च्या तेलटंचाईत डिझेल कुठं मिळतं हे एकमेकांना असंच सांगत. त्यांचा १९ नंबरचा चॅनेल आजही चालू आहे. ऑस्ट्रेलियाचे शेतकरीसुद्धा शेतात असाच रेडिओ वापरतात.

आणि अंदमान! भारती प्रसाद डिसेंबर २००४ मध्ये पोर्ट ब्लेअरला हॅम रेडिओ घेऊन गेल्या होत्या. जगभरच्या हौशी मंडळींशी रोज बोलणं, एवढंच काम. २६ तारखेला सकाळी जमीन हादरली, त्सुनामी आली, टेलिफोन बंद पडले. बाईंचा रेडिओ तयार होता. खुशालीचे निरोप, बेपत्तांची विचारपूस त्यावरून मुख्य भूमीवर जाऊ लागली. संकट आल्यावर खोकं उघडून माहितीपत्रक वाचत बसायची वेळ आली नाही, कारण हात रोजचा बसलेला होता. माझा रविवारचा हट्ट याचसाठी आहे, आणि तो मी सोडणार नाही! (टाळ्या)

चिठ्ठी आली. दोनच मिनिटं, अध्यक्षसाहेब; सेटवर बोलायचं कसं, तेवढं सांगतो.

बटण दाबा, क्षणभर थांबा, मग बोला. घाईनं बोलाल तर पहिला शब्द कापला जातो. ‘पाणी वाढतंय’मधलं ‘पाणी’च गेलं तर पुढच्या गावानं काय समजायचं? बोलून झालं की ‘ओव्हर’ म्हणा आणि बोट उचला. बटण दाबलेलं राहिलं तर तुम्हाला कुणाचं ऐकू येत नाही आणि इतरांचीही वाट अडते. हातातल्या सेटचा पल्ला थोड्याच किलोमीटरचा, म्हणून एका गावानं ऐकलेलं दुसऱ्यानं पुढं पोचवायचं.

दाराशी वही ठेवली आहे. पवनी, मोहाडीकडच्या मंडळींनी गावाचं नाव आणि सेट कुणाच्या घरी राहील, एवढं लिहून जावं.