पट्टी कापून मागणारी माणसं



कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर, यशवंतराव चव्हाणांच्या कराडात आपलं मनापासून स्वागत. आरोग्यखर्चाच्या परिषदेला स्वागताध्यक्ष म्हणून डॉक्टर सोडून औषध दुकानदार का निवडला, हे मी संयोजकांना विचारलं. ते नुसते हसले. जेवणाचं बिल माझ्याकडे आल्यावर उलगडा झाला. पण माईक हातात आलाच आहे, तर काउंटरमागून जे दिसतं ते सांगतो.

महिनाअखेरीला माझी कात्री जास्त चालते. परवा एक आजी आल्या. बीपी आणि शुगर दोन्ही, चिठ्ठी तीस दिवसांची. आकडा ऐकून म्हणाल्या, "साखरंच्या धा दे बाबा. बीपीच्या ऱ्हाऊ देत, श्रावणबाळ पेन्शनचं पैसं जमा झालं की बघू." मी पट्टी कापली. एक्स्पायरीची तारीख दुसऱ्या तुकड्यावर राहू नये, एवढी काळजी घेतली. त्या न घेतलेल्या गोळ्यांचा हिशेब कधीतरी आयसीयूत लागायची भीती असते. लागलाच, तर तो सरकारी योजनेच्या खात्यावर पडतो.

२०१२ साली जीवनदायी नावानं सुरू झालेली आणि आता महात्मा फुले यांच्या नावानं चालणारी योजना माझ्या गिऱ्हाइकांपैकी कितीतरी जणांना तारून गेली आहे. आता तिचं कवच पाच लाखांचं आहे. पण ते पेशंट ॲडमिट झाल्यावर उघडतं. रोजच्या गोळीला ते नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले, हेही मोठं पाऊल. तिथलं औषध संपलं की मात्र चिठ्ठी माझ्याच दुकानात येते.

राष्ट्रीय नमुना पाहणीची २०१७-१८ची फेरी आपल्यापैकी काहींनी पाहिली असेल. देशाच्या ग्रामीण भागात बाळंतपणं वगळता एकदा ॲडमिट होण्याचा सरासरी खर्च सरकारी रुग्णालयात ४,२९० रुपये आणि खासगीत २७,३४७. या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत लोक दागिने गहाण ठेवतात.

दर बांधायचे प्रयत्न झालेच नाहीत असं नाही. फेब्रुवारी २०१७मध्ये केंद्रानं स्टेंटची किंमत बांधली. मे २०२०मध्ये आपल्या राज्यानं कोविडच्या खाटांचे दर ठरवले, साध्या वॉर्डचे दिवसाला ४,००० आणि व्हेंटिलेटरसह आयसीयूचे ९,०००. पीपीई किट, महागडी औषधं त्यातून बाहेर होती आणि तिथंच बिलं फुगली. बिलाच्या एका ओळीला लगाम घातला की पैसा पुढच्या ओळीत सरकतो. म्हणून नुसती बेरीज बघू नका, एकेक ओळ वाचा.

माझीही ओळ त्यात आहे. किंमत-नियंत्रणातल्या औषधावर किरकोळ विक्रेत्याला १६ टक्के मिळतात. काही ब्रँडेड जेनेरिकवर मात्र छापील किंमत आणि माझी खरेदी यांत एवढी जागा असते की सूट देऊनही मी फायद्यात राहतो. ही जागा मी खातो का? खातो, धंदा आहे. ती ठेवायची की नाही, हे तुम्ही आमदारांनी आणि अधिकाऱ्यांनी ठरवायचं.

दुपारच्या जेवणाला आमटी तिखट आहे, बेतानं घ्या. माझं दुकान या सभागृहापासून चालत सात मिनिटांवर आहे आणि संध्याकाळी सहा ते आठ तिथं गर्दी असते. ज्यांना यायचं असेल त्यांच्यासाठी काउंटरच्या आत दोन स्टुलं मोकळी ठेवली आहेत.