चमचा, चिपटे आणि काटा

लासलगाव म्हटले की कांदा आठवायचाच. इथली बाजार समिती १९४७ साली स्थापन झाली. तिथे कांद्याचा भाव क्विंटलवर बोलला जातो. भरलेली गाडी भुईकाट्यावर चढते, मग रिकामी गाडी. दोहोंतला फरक तो माल. हा हिशेब इथल्या शाळकरी पोरालाही कळतो. पण त्याच घरात चुलीपाशी जा, तिथे मूठ, चिमूट आणि चमचा यांचेच राज्य!

यात कमीपणा काही नाही. पूर्वी धान्यही मापानेच घेत. दोन चिपटी म्हणजे मापटे, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेर म्हणजे पायली. पण शेर दोन होते, एक मापी आणि एक वजनी. वजनी शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. मापी शेराचे वजन मात्र आत बाजरी आहे की साळ, यावर ठरे. १९५६ साली वजन-मापांचा कायदा झाला, १९५८ पासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने आली. शेर गेला, अडचण राहिली.

ती अशी. माप जागा मोजते, काटा माल मोजतो. आणि जागेत मालाबरोबर हवाही मावते. पाच मिलिलिटरचा सपाट चमचा घ्या. त्यात वाळवलेली कोथिंबीर भरते जेमतेम ०.६ ग्रॅम, धणे १.८, जिरे २.१ आणि मेथीदाणे ३.७ ग्रॅम. कोथिंबीर आणि धणे एकाच रोपाचे, तरी वजन तिप्पट!

चौघांच्या भाजीत हे खपून जाते. पण वसतिगृहात किंवा लग्नघरी तीच कृती शंभर पानांची झाली, की चमच्याचे पंचवीस चमचे होतात. पंचवीस चमचे मेथीदाणे म्हणजे नव्वदएक ग्रॅम. कुणी शीग लावून भरले तर त्याहून पुष्कळ. मग पातेलेभर भाजी कडू होते, अन्न वाया जाते, आणि बोल लागतो आचाऱ्याला.

ओल्या पाल्याची गोष्ट आणखी निराळी. ताज्या कोथिंबिरीत शेकडा ९२ भाग पाणी असते. शंभर ग्रॅम वाळवली तर आठ-नऊ ग्रॅमच उरते. सकाळी पाणी मारलेली जुडी जड, दुपारी सुकलेली हलकी. जुडी मात्र तीच. म्हणून पाला निवडून, पाणी झटकून मगच तोलावा.

तेव्हा भुईकाट्याचा धडा घरी गिरवा. आधी रिकामी वाटी तोला, मग भरलेली, वजाबाकी करा. एका चमच्याचे वजन साध्या काट्याला नीट कळत नाही. दहा चमचे घाला आणि दहाने भागा. सुरीच्या पाठीने शीग काढा, पाला दाबू नका. तीनदा तोलून सरासरी काढा आणि ती डब्याच्या झाकणावर लिहून ठेवा. घरी काटा नसेल तर ओळखीच्या किराणा दुकानात हे काम दहा मिनिटांचे आहे.

आजीच्या अंदाजाला याने बाधा येत नाही. उलट, ती आहे तोवर तिच्या दहा चिमटी काट्यावर घालून घ्या. सासरी गेलेल्या नातीला आजीची चिमूट पाठवता येत नाही. आकडा मात्र पाठवता येतो.