तेव्हा कोणी रेशनकार्ड विचारलंच नाही

(१९८० च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात डिसेंबर २०२५ मध्ये केलेलं भाषण)



पंचेचाळीस वर्षांनी याच व्हरांड्यात उभं राहून बोलताना पाय थोडे कापताहेत. सरांसमोर बोलायचं म्हटलं की अजूनही आधी हाताची घडी घालावीशी वाटते. संयोजकांनी मला विषय दिला आहे, 'आरोग्य विमा आणि दवाखान्याचा खर्च'. अडतीस वर्षं मी सरकारी विमा कंपनीत नोकरी केली, त्यातली बरीचशी क्लेमच्या टेबलावर. त्यामुळे या विषयाचा मी तज्ज्ञ आहे, असा सगळ्यांचा समज आहे. तो समज थोडा कमी करण्यासाठीच मी आज बोलणार आहे.

आपल्या ग्रुपवर गेले दोन महिने यावरून चांगलीच जुंपली आहे. आपल्यातले डॉक्टर म्हणतात, सरकारी योजनेतले दर परवडत नाहीत, पैसे उशिरा मिळतात, दवाखाना चालवायचा कसा? शेती करणारे म्हणतात, बिल पाहिलं की दुखणं परवडलं असं वाटतं. नोकरीवाले म्हणतात, दरवर्षी हप्ता वाढतो आणि क्लेमच्या वेळी कंपनी बारीक अक्षरं दाखवते. आणि अमेरिकेत मुलाकडे गेलेली आपली मैत्रीण लिहिते की तिकडेही हेच. तिचं खोटं नाही. याच ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिथल्या सरकारचं कामकाज ४३ दिवस अडकलं होतं, आणि भांडणाचं मुख्य कारण होतं विम्याच्या हप्त्यावर सरकारनं द्यायची सवलत.

मी १९८६ साली नोकरीला लागलो. त्याच वर्षी सरकारी विमा कंपन्यांनी मेडिक्लेम पॉलिसी आणली. सुरुवातीला आम्हालाच ती नीट समजायची नाही. लोक म्हणायचे, आजारी पडलो नाही तर पैसे परत मिळतील का? नाही म्हटलं की उठून जायचे. आज तेच लोक पॉलिसी मागायला येतात, पण साठी उलटल्यावर, शुगर लागल्यावर.

या काळात नियम बरेच सुधारले, हे मान्य करायला हवं. २०२४ पासून पासष्टीनंतर नवी पॉलिसी घ्यायला असलेली वयाची आडकाठी निघाली. आधीपासूनच्या आजारासाठी थांबण्याचा काळ जास्तीत जास्त चार वर्षांचा होता, तो तीनवर आला. हप्त्यावर १८ टक्के जीएसटी होता. नागपूरच्या एलआयसी कर्मचाऱ्यांच्या संघटनेनं तो काढावा म्हणून नितीन गडकरींना निवेदन दिलं आणि गडकरींनी जुलै २०२४ मध्ये अर्थमंत्र्यांना पत्र लिहिलं. त्यावर देशभर चर्चा झाली आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा हा कर शून्य झाला. वीस हजारांच्या हप्त्याला ३,६०० रुपये कर लागायचा, तो वाचला. मात्र कंपन्यांना स्वतःच्या खर्चावर भरलेल्या कराची वजावट आता मिळत नाही, त्यामुळे मूळ हप्ता किती वाढतो, याकडे लक्ष ठेवा.

दुसरी बाजू सरकारी योजनेची. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात विदर्भातले अमरावती आणि गडचिरोली होते, बुलढाणा नव्हता. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर आली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुल्यांचं नाव मिळालं. कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार, पिवळ्या आणि केशरी कार्डावर. १ जुलै २०२४ पासून ती सगळ्यांना खुली झाली, पांढऱ्या कार्डालाही, आणि मर्यादा पाच लाखांवर गेली.

आता मूळ गोष्टीकडे येतो. आपला एक मित्र आहे. तो आज इथे बसलेला आहे. त्याला विचारूनच सांगतोय. 'सांग, पन नाव नको घेऊ,' एवढंच तो म्हणाला.

जून २०१९. पेरणीचे दिवस. तो घाटाखालचा, पाच एकर कोरडवाहू. दुपारी वावरात छातीत दुखायला लागलं. आपल्या जिल्ह्यात घाटावरचा पेशंट संभाजीनगरला जातो आणि घाटाखालचा अकोल्याला. त्यालाही पोरांनी जीपमध्ये घालून अकोल्याला नेलं, आणि ड्रायव्हरला जो दवाखाना माहीत होता त्यात दाखल केलं. अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट बसले. माणूस वाचला. बिल झालं दोन लाख चाळीस हजार.

ग्रुपवर निरोप आला आणि मी पुढाकार घेतला. कोणी पाचशे दिले, कोणी दहा हजार. तीन दिवसांत एक लाख बारा हजार जमले. उरलेल्यासाठी त्यानं बैलजोडी विकली आणि एक एकर गहाण टाकलं. पुढच्या मेळाव्यात तुम्ही माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. फोटोही आहे. त्या फोटोत मी फार खूश दिसतो.

गेल्या वर्षी निवृत्त झालो. योजना सगळ्यांना खुली झाली म्हणून तिची माहिती सवडीनं वाचायला बसलो. त्यात जुन्या नियमांचा उल्लेख होता. शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांतले पांढऱ्या कार्डाचे शेतकरी या योजनेत आधीपासूनच होते. रेशनकार्ड, सातबारा आणि ओळखपत्र, एवढंच लागायचं. त्या १४ जिल्ह्यांच्या यादीत बुलढाणा होता.

मी ती ओळ तीन वेळा वाचली. मग त्याला फोन केला. तुझं कार्ड कोणतं? म्हणाला, पांढरं. सातबारा तुझ्या नावावर? व्हय. म्हणजे २०१९ मध्ये योजनेतल्या दवाखान्यात गेला असता, तर ते उपचार बिनपैशाचे होऊ शकले असते. आणि असा दवाखाना त्याच गावात होता.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, 'तू त इम्याच्या हापिसात होता ना बे, तुले मालूम नोतं?'

मला माहीत नव्हतं. अडतीस वर्षं मी लोकांचे क्लेम तपासले, कोणत्या कलमात काय बसत नाही हे मला तोंडपाठ होतं. पण सरकारी योजना आपल्या कामाची नाही, ती गरिबांची, असं मी धरून चाललो होतो. त्या तीन दिवसांत मी चाळीस-एक फोन केले. एकाही फोनवर मी विचारलं नाही की त्याचं रेशनकार्ड कोणतं आहे. एकेचाळीस जणांनी पैसे दिले, त्यात शिक्षक होते, बँकवाले होते, पंचायत समितीतले होते. त्यांच्यापैकीही कोणी विचारलं नाही. गणिताचे सर सांगायचे, 'उदाहरणात काय विचारलंय ते आधी वाचा, मग आकडेमोड करा.' आम्ही थेट बेरजेला बसलो.

आणि याच्याही आधीचं ऐका. त्याला रक्तदाबाची गोळी चालू होती. उन्हाळ्यात त्यानं ती बंद केली होती. का, तर बियाणं-खताची जुळवाजुळव चालू होती आणि मेडिकलची उधारी वाढली होती. तीच गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळते. तो दोनदा गेला, दोन्ही वेळा साठा संपलेला होता. तिसऱ्यांदा गेला नाही. महिन्याचे दोन-तीनशे रुपये वाचवले आणि दोन लाख चाळीस हजार घालवले.

ग्रुपवरच्या भांडणात मला हेच हरवलेलं दिसतं. खासगी पॉलिसी असो की सरकारी योजना, दोन्ही मुख्यतः सुरू होतात माणूस खाटेवर पडल्यावर. आपल्या घरांचा पैसा मात्र खाटेच्या आधी आणि नंतर जातो. गोळ्या, तपासण्या, गाडीभाडं, सोबत्याचं जेवण, बुडालेली मजुरी. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे देशाच्या एकूण आरोग्य खर्चातले ३९.४ टक्के लोकांनी थेट खिशातून भरले. २०१३-१४ मध्ये हा आकडा ६४.२ होता. म्हणजे सुधारणा आहेच. पण उरलेला भाग कोणत्या घरातून जातो, ते आपल्या खारपाणपट्ट्यात पाहा. संग्रामपूर, जळगाव जामोद भागात खाऱ्या पाण्याच्या गावांमध्ये किडनीचे रुग्ण घरोघर सांगतात. डायलिसिस योजनेत बसतं, ते मोफत होतं. पण आठवड्यातून दोन-तीन वेळा जायचं, त्या दिवशी रुग्णाची मजुरी नाही, सोबत येणाऱ्याचीही नाही. हे कोणत्याच कार्डावर लिहिलेलं नसतं. आणि गोड पाण्याची पाइपलाइन हा किडनीवरचा सगळ्यात स्वस्त उपचार आहे, तो तर विम्याच्या चर्चेत येतच नाही.

म्हणून माझं मत सांगतो, पटलं नाही तर चहाच्या वेळी भांडा. विमा बिल भरतो, बिल कमी करत नाही. डॉक्टर मित्रांचं म्हणणं खरं आहे की योजनेचे दर वेळोवेळी वाढले पाहिजेत आणि पैसे वेळेवर मिळाले पाहिजेत, नाहीतर दवाखाने योजनेतून बाहेर पडतील आणि हातात नुसतं कार्ड राहील. शेतकरी मित्रांचंही खरं आहे की दर दर्शनी भागात लावलेले असावेत. पण सरकारकडे एक रुपया जास्तीचा असेल, तर तो आधी आरोग्य केंद्रातल्या गोळीवर खर्च व्हावा, असं अडतीस वर्षं विमा विकणाऱ्या कंपनीचा पगार घेतलेला माणूस तुम्हाला सांगतो आहे.

आता आपण काय करायचं? सरकार करील तेव्हा करील.

गुरुजनांसाठी पहिलं. ज्यांचं वय सत्तर किंवा जास्त आहे, त्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. उत्पन्नाची अट नाही, पाच लाखांपर्यंतचे उपचार. खासगी पॉलिसी असली तरी चालतं. केंद्र सरकारची आरोग्य योजना ज्यांना लागू आहे, त्यांना मात्र दोन्हींतलं एक निवडावं लागतं. आज मागच्या खोलीत आपल्या वर्गातली दोन मुलं, म्हणजे आता साठीचीच, लॅपटॉप घेऊन बसली आहेत. आधार आणि मोबाइल घेऊन जा. सर, बाई, कृपा करून 'पुढच्या वेळी' म्हणू नका.

दुसरं, आपल्या सगळ्यांसाठी. घरातल्या रेशनकार्डावर प्रत्येकाचं नाव आहे का, ते आधारशी जुळतं का, आजच बघा. सुनेचं नाव माहेरच्या कार्डावर आणि नातवाचं कुठेच नाही, अशी अर्धी घरं आहेत. दुखणं आल्यावर तहसीलच्या खिडकीवर रांग लावता येत नाही.

तिसरं, कोणी आजारी पडलं तर गाडीत बसतानाच एक फोन १५५३८८ ला. योजनेतलं जवळचं रुग्णालय कोणतं, ते विचारा. तिथे पोचल्यावर आरोग्यमित्राचं टेबल शोधा. योजनेत मंजूर झालेल्या उपचारासाठी पैसे मागितले, तर तक्रार त्याच क्रमांकावर.

ज्यांच्याकडे खासगी पॉलिसी आहे, त्यांनी खोलीभाड्याची मर्यादा वाचावी. मर्यादा पाच हजारांची असताना दहा हजारांची खोली घेतली, तर नुसतं भाडं कापत नाहीत, डॉक्टरांची फी आणि ऑपरेशन थिएटरचा खर्चही त्याच प्रमाणात कापू शकतात. हे मी स्वतः कापलेलं आहे. लोक माझ्याकडे ज्या नजरेनं बघायचे, ती मला आठवते.

शेवटचं. आपला मदत निधी आहे, त्यात आज चौऱ्याऐंशी हजार आहेत. माझी सूचना अशी की यापुढे बिलासाठी वर्गणी काढण्याआधी दोघांनी कागद तपासावेत. योजनेत बसत असेल तर निधी गाडीभाड्याला, सोबत्याच्या जेवणाला आणि घरी आल्यावरच्या गोळ्यांना द्यावा. आणि आपल्यापैकी ज्यांची रक्तदाबाची, शुगरची गोळी पैशामुळे थांबते, त्यांनी ती थांबण्याआधी सांगावं. नाव ग्रुपवर येणार नाही, ते दोघांपलीकडे जाणार नाही. ही दोन नावं आजच ठरवू या. एक माझं लिहा.

दुसरं नाव मी आपल्या मित्राला विचारलं होतं. तो म्हणाला, 'मले कोनाचे कागद कळते? पन इचारता येते.' तेवढंच पुरेसं आहे. २०१९ मध्ये तेवढंच हवं होतं.

ती शाल माझ्या कपाटात आहे. परत करणार नाही, कारण तुम्ही ती प्रेमानं दिली होती. त्या एक एकराचं गहाण मात्र गेल्या अक्षयतृतीयेला सुटलं. त्याच्या पोरानं सोडवलं, आपण नाही. ते वावर यंदा पुन्हा त्याच्या नावानं पेरलं गेलं, एवढं सांगून थांबतो.